शब्दचर्चा: फिर्यादी, वादी, सरकार पक्ष... खटल्यात कोण कुणाचा?

प्रश्न (कागलहून): आमच्या भावकीतल्या मारामारीचा खटला कोल्हापूरला सुरू झालाय. बातमीत छापून आलं, ‘फिर्यादीच्या वकिलांनी साक्षीदार तपासले’. फिर्याद माझ्या चुलत्यांनी दिली, पण त्यांनी वकील दिलेलाच नाही. मग हे वकील कुणाचे? आणि फिर्यादी, वादी, तक्रारदार हे एकच का?

उत्तर (कसबा बावड्यातून): दादा, मी इथल्या जिल्हा न्यायालयात वकिली करते आणि हा घोळ रोज बघते. हे तिन्ही शब्द एक नाहीत.

वादी हा दिवाणीतला शब्द. जमिनीची वाटणी, थकलेलं येणं, मनाई हुकूम, अशासाठी दावा लावतो तो वादी. कैफियत देऊन त्याला उत्तर देतो तो प्रतिवादी. फौजदारीत वादी नसतोच. तिथं आरोपी असतो आणि त्याच्यासमोर सरकार पक्ष. खटल्याच्या कागदावर ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’ असंच लिहिलेलं असतं, तुमच्या चुलत्यांचं नाव तिथं नसतं. त्यांनी पोलीस ठाण्यात जी हकिकत सांगितली त्यावरून गुन्हा नोंदला गेला, म्हणून ते फिर्यादी. दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर ते सरकार पक्षाचे साक्षीदार झाले, बहुतेक वेळा पहिले साक्षीदार. बातमीतले वकील सरकारी. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हे काम सहायक सरकारी अभियोक्ता करतात, सत्र न्यायालयात सरकारी वकील. बातमीत ‘सरकार पक्षातर्फे’ असं हवं होतं.

अपवाद आहे. चेक वटला नाही म्हणून कुणी थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद दाखल केली, तर ती खासगी फिर्याद. तिथं ‘फिर्यादीचे वकील’ हा शब्द शंभर टक्के बरोबर. तक्रारदार हा मात्र सैल शब्द आहे. ग्राहक आयोगात तो नेमका बसतो, बाकी ठिकाणी लोक कशालाही वापरतात.

या फरकाला मी एवढी धरून का बसते, तर त्यापायी घरं अडचणीत येतात. ‘मी फिर्याद दिली, मीच मागं घेतो’ म्हणत माणसं येतात, गावात बैठक होऊन समेट झालेला असतो, आणि इथं आल्यावर कळतं की खटला त्यांच्या हातात नाही. कायद्यानं ठरवलेले ठराविक गुन्हेच आपसात मिटवता येतात. त्यातल्याही काहींना कोर्टाची परवानगी लागते. खटला काढून घ्यायचा तर तो अर्ज सरकारी वकिलांनी द्यायचा आणि त्यालाही कोर्टाची संमती हवी.

ज्याला इजा झाली त्याला कायदा ‘पीडित’ म्हणतो. कोर्टाची परवानगी घेऊन त्याला स्वतःचा वकील सरकारी वकिलांच्या मदतीला देता येतो. 2009 च्या दुरुस्तीपासून आरोपी सुटला तर अपिलाचा हक्कही त्याला आहे, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कायम आहे. चुलत्यांना हे जरूर सांगा.

प्रश्न (गडहिंग्लजहून): ‘सरतपास’ म्हणजे सरतेशेवटी होणारा तपास का? आणि पोलिसांचा तपास तर आधीच झालेला असतो ना?

उत्तर: उलट आहे, सरतपास सगळ्यात आधी. सरपंच, सरसेनापती यांतला जो ‘सर’, तोच इथं: मुख्य. ज्यानं साक्षीदार बोलावला त्याचा वकील आधी विचारतो, तो सरतपास. मग विरुद्ध बाजूचा उलटतपास. त्यातून काही खुलासा राहिला तर पहिल्या बाजूचा फेरतपास. ‘तपास’ शब्दाचे दोन अर्थ आहेत खरे. पोलीस गुन्ह्याचा तपास करतात, कोर्टात साक्षीदार तपासला जातो.

साक्ष लिहिण्याची रीत शब्दप्रेमींनी एकदा बघावी अशी आहे. उलटतपासात वकील विचारतात, ‘तुम्ही त्या वेळी तिथं नव्हताच, बरोबर?’ पिंजऱ्यातला माणूस म्हणतो, ‘न्हाई साहेब, म्या हुतो की, वाईच लांब हुतो.’ टंकलेखक टाइप करतो: ‘हे म्हणणे खोटे आहे की, मी घटनास्थळी हजर नव्हतो. मी काही अंतरावर होतो.’ प्रश्न उत्तरातच विरघळतो. ‘वाईच’चं ‘काही अंतर’ होतं, आणि पुढं युक्तिवादात त्या अंतरावर पंधरा मिनिटं वाद चालतो. म्हणून कागलच्या दादांच्या चुलत्यांनी अंतर सांगताना कोर्टातल्याच खुणेनं सांगावं: मी इथं, तो त्या दारापाशी. (आणि हो, आपल्याकडं पिंजरा. ‘कटघरा’ टीव्हीवरच्या हिंदी मालिकांतून आला.)

भर (शाहूपुरीहून): ‘फितूर साक्षीदार’ हा शब्द मला नेहमी टोचतो. फितुरी म्हटलं की किल्ल्याचा दरवाजा उघडून देणाराच आठवतो.

उत्तर: मलाही टोचतो. कायद्यात एवढंच आहे की साक्षीदार ज्या बाजूनं बोलावला तिला आधार देईना, तर त्या बाजूला त्याला उलटतपासातले प्रश्न विचारायची मुभा कोर्ट देऊ शकतं. त्यानं बेइमानी केली असा निकाल त्यात नाही. त्याची साक्ष सगळीच्या सगळी बादही होत नाही, विश्वासार्ह भाग कोर्ट घेतं. एखाद्याला खरोखर अंधारात चेहरा दिसलेला नसतो आणि तेवढं तो प्रामाणिकपणे सांगतो. त्याला फितूर म्हणणं अन्याय आहे. बार रूममध्ये ‘साक्षीदार फुटला’ म्हणतात, त्यातही आरोप आहेच. ‘उलटलेला साक्षीदार’ मला त्यातल्या त्यात बरा वाटतो.

प्रश्न (साताऱ्याहून): कोल्हापूरला खंडपीठ झालं म्हणायचं की सर्किट बेंच? आणि तिथले न्यायाधीश की न्यायमूर्ती?

उत्तर: सर्किट बेंचच म्हणा, म्हणजे उच्च न्यायालयाचं मुख्य जागेबाहेर बसणारं फिरतं पीठ. चाळीस वर्षांहून जास्त मागणी झाली ती खंडपीठाची. 18 ऑगस्ट 2025 पासून भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत, सीपीआर रुग्णालयासमोर, मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडं आहेत. राज्य पुनर्रचना कायदा, 1956 नुसार कायमचं खंडपीठ राष्ट्रपतींच्या आदेशानं होतं. असं बेंच मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेनं नेमतात. घोळ वाढतो तो यानं की दोन न्यायमूर्ती एकत्र बसले तरी त्यालाही ‘खंडपीठ’च म्हणतात, एकटे बसले तर एकलपीठ. म्हणून ‘सर्किट बेंचच्या खंडपीठानं’ असं वाक्य वाचलंत तर ते चूक नाही.

न्यायमूर्ती उच्च आणि सर्वोच्च न्यायालयातले. जिल्ह्यात न्यायाधीश. तेच साहेब दिवाणी दाव्यात जिल्हा न्यायाधीश असतात आणि खुनाच्या खटल्यात सत्र न्यायाधीश. आणखी एक फरक लक्षात ठेवा: बावड्यात साक्ष मराठीत होते, भाऊसिंगजी रोडवर कामकाज इंग्रजीत. त्यामुळं वरचा ‘वाईच’ अपिलात आणखी एकदा भाषांतरातून जातो.

प्रश्न (पुन्हा कागलहून): ताई, आता आईलाही समन्स आलंय. ती घाबरून जेवेना झालीय. तिला वकील द्यावा लागेल का?

उत्तर: समन्सवर ‘साक्षीदार’ लिहिलंय का ते आधी बघा. तसं असेल तर वकील लागत नाही, ती सरकार पक्षाची साक्षीदार आहे. तारखेला सकाळी लवकर या, सरकारी वकिलांना भेटा, तिचा पोलिसांपुढचा जबाब त्यांच्याकडून एकदा वाचून घ्या. पुकारा झाला की तिनं आत जायचं, शपथ घ्यायची आणि जेवढं बघितलं तेवढंच सांगायचं. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणायचं, त्यात गुन्हा नाही. साक्ष झाल्यावर येण्याजाण्याचा भत्ता मिळतो, तो मागून घ्या. बरेच जण तसेच घरी जातात.