विरारचं हॉटेल आणि टीप देणारा

तिरकस_नजर (धागाकर्ता)
19 नोव्हेंबर 2024. प्रचार आदल्या संध्याकाळीच थांबलेला, दुसऱ्या दिवशी विधानसभेचं मतदान. विरारच्या विवांता हॉटेलात भाजपचे राष्ट्रीय सरचिटणीस विनोद तावडे कार्यकर्त्यांसोबत बसलेले. बहुजन विकास आघाडीची (बविआ) पोरं आत घुसली, नोटा आणि डायऱ्या कॅमेऱ्यापुढे नाचवल्या. आरोप, 5 कोटी वाटायला आणले. अधिकाऱ्यांनी जप्त केले 9 लाख 93 हजार. तावडे म्हणाले, मी फक्त मतदानाच्या दिवशीचे नियम समजावत होतो.

बविआचे प्रमुख हितेंद्र ठाकूर काय म्हणाले आठवतं? टीप भाजपच्याच माणसांनी दिली. 2019 ला बोरिवलीतून तिकीट कापलं गेलेला माणूस दिल्लीत जाऊन मोठा झाला, मुख्यमंत्रिपदासाठी नाव कुजबुजलं जाऊ लागलं, आणि नेमका तेव्हाच असा अडकला. मला तरी हा घरातल्याच कुणीतरी केलेला गेम वाटतो. तासन्‌तास राडा झाल्यावर तावडे आणि ठाकूर एकाच गाडीतून निघाले, हेही विसरू नका.

साधा_मतदार
गेम कोणी केला याच्याशी मला काय करायचंय? पैसे होते की नव्हते ते बोला. टीप देणारा हलकट असला म्हणून नोटा खोट्या ठरत नाहीत.

कमळवाला_नाशिक
हॉटेल ठाकुरांचंच, हे तावडेंनी तेव्हाच सांगितलं होतं. विरोधकाच्या हॉटेलात जाऊन राष्ट्रीय सरचिटणीस स्वतः पाकिटं वाटेल? लक्ष्मीदर्शन घडवायला गल्लीतला पोरगाही पुरतो हो. आरोप 5 कोटींचा आणि हातात 10 लाखसुद्धा नाहीत. राहुल गांधी, खर्गेंनी लगेच उचलून धरलं, तर तावडेंनी 100 कोटींची नोटीस धाडली. दोषी माणूस असं करतो का?

साधा_मतदार
नोटीस पाठवायला वकील लागतो, निर्दोष असावं लागत नाही. आणि प्रचार संपल्यावर बाहेरच्या नेत्याने मतदारसंघात थांबायचं नसतं, हा नियम त्यांना कोणी समजावला नव्हता वाटतं.

वसईची_सून
इथे राहते म्हणून सांगते. आप्पांना, म्हणजे हितेंद्र ठाकुरांना, एकदम साधुसंत करू नका. तीस-पस्तीस वर्षं या पट्ट्यात त्यांचं चालतं, पाण्याच्या टँकरपासून बांधकामापर्यंत लोकांच्या तक्रारी आहेत. 2022 ला राज्यसभेच्या वेळी त्यांची तीन मतं मिळावीत म्हणून दोन्ही बाजूंचे नेते त्यांना भेटायला येत होते. आता अचानक पैशाचा तिटकारा? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दुपारपासून तोच व्हिडिओ फिरत होता, पण खाली लोक विचारत होते, उद्या पाणी कधी येणार. निकाल बघा: आप्पा वसईत तीनेक हजारांनी पडले, त्यांचा मुलगा क्षितिज नालासोपाऱ्यात पडला, बोईसरही गेलं. तीनच्या तीन.

तिरकस_नजर
ताई, हेच तर म्हणतोय. बविआला फायदा शून्य. मग सगळ्या राड्यातून मिळालं कोणाला?

कोल्हापुरी_ठसका
च्यायला, मिळालं कुणालाच नसंल! प्रत्येक गोष्टीमागं कोण तरी हुशार माणूस बसलाय असं कशाला? कार्यकर्त्यांना कळलं, गेले, धरलं. पुढचं पुढं. त्याच दिवशीचा बिटकॉइनचा बार विसरलात काय? माजी आयपीएस रवींद्रनाथ पाटील यांनी सुप्रियाताई आणि नाना पटोले यांच्यावर बिटकॉइनचा पैसा निवडणुकीत वापरल्याचे आरोप केले, भाजपनं क्लिपा वाजवल्या. दुसऱ्या दिवशी बारामतीत मतदान करून अजितदादा म्हणतात, आवाज ताईंचाच. बूम या फॅक्ट-चेक करणाऱ्या साइटनं तपासल्यावर बहुतेक क्लिपा एआयच्या असाव्यात असं निघालं. तिथं टायमिंगचा संशय घेतला तर आम्ही शहाणे, आणि विरारला घेतला तर कट शोधणारे?

कमळवाला_नाशिक
तेच उलटं तुम्हालाही लागू. क्लिप खोटी म्हणायला तज्ज्ञ चालतो, विरारला मात्र जमावाने नाचवलेली डायरी हाच पुरावा.

साधा_मतदार
डायरी बाजूला ठेवू, जप्त केलेली रक्कम घ्या. कोणाची होती, कुठून आली? ऑक्टोबरात खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर गाडीत 5 कोटी सापडले, तेव्हाही आठवडाभर चर्चा कोणाची? "कोणत्या आमदाराचे" याची. पैसा कोणाच्या खात्यातून निघाला यावर एक बातमी दाखवा.

तिरकसराव, तुमच्या धाग्याने पुढाऱ्यांची सोयच होते. टीप कोणी दिली यावर दोनशे प्रतिसाद पडतात आणि नोटा विसरल्या जातात.

तिरकस_नजर
पटत नाही. टीप देणाऱ्याला पैसे येणार हे आधी माहीत होतं, म्हणजे तो आतला. पहिला साक्षीदार तोच. त्याचं नाव विचारणं म्हणजे नोटा विसरणं कसं?

साधा_मतदार
मग साक्षीदार म्हणून विचारा ना. तुम्ही विचारताय मुख्यमंत्रिपदाच्या शर्यतीसाठी. तुळिंज पोलिसांत गुन्हे दाखल झाले होते, त्यांचं पुढे काय झालं यावर धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.

वसईची_सून
दुसरा माझा. आणि टँकरवरही एक काढा जमलं तर.