गतीची समीकरणं पाठ आहेत, पण सूत्रातून 'ए' आणि 'टी' काढता येत नाहीत. मदत हवी आहे

नववीची_आई

नमस्कार मंडळी. मुलगा नववीत आहे, स्टेट बोर्ड, मराठी माध्यम. विज्ञानाचा पहिलाच धडा 'गतीचे नियम'. तिन्ही समीकरणं झोपेतून उठवून विचारली तरी म्हणून दाखवतो. (इथे अक्षरं मराठीतच लिहिते: यू म्हणजे सुरुवातीचा वेग, व्ही शेवटचा वेग, ए त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर, टी वेळ, एस विस्थापन. पहिलं समीकरण व्ही = यू + ए × टी, दुसरं एस = यू × टी + ½ × ए × टी², तिसरं व्ही² = यू² + २ × ए × एस.)

व्ही विचारला की गडी सुसाट. ए किंवा टी विचारला की पेन्सिल चावत बसतो. कालचं गणित असं होतं: ताशी ७२ किमी वेगाने जाणारी मोटारसायकल ब्रेक दाबल्यावर ४० मीटरमध्ये थांबते, तर त्वरण किती? ७२ किमीचे सेकंदाला २० मीटर त्याने बरोबर केले. पुढे वहीत हे:

व्ही² = यू² + २ × ए × एस
ए = व्ही² − यू² − २ × एस
ए = ० − ४०० − ८० = −४८०

सरावाच्या कागदामागे उत्तर −५ दिलंय. विचारलं तर म्हणतो, "पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं ना, आई!" मी कॉमर्सवाली. चुकलंय हे दिसतं, पण का ते त्याला पटेल असं सांगता येत नाही. वेग-अंतर-वेळेचा तो त्रिकोण, हवी ती राशी झाकली की सूत्र देणारा, तोही इथे बसत नाही. कसं समजावू?

खडूफळा

ताई, यात मुलापेक्षा त्या 'पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं' मंत्राचा दोष जास्त. तो फक्त बेरीज-वजाबाकीने जोडलेल्या पदांना लागू होतो. इथे २ × एस हे ए ला मिळवलेलं नाही, गुणलेलं आहे. मग ते सुटणार भागाकारानेच.

थोडे दिवस 'पलीकडे' हा शब्दच घरात बंद करा. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न: ए ला कोण चिकटलंय, आणि कसं? आधी बाहेरचं सोडवायचं. यू² मिळवलेला आहे, म्हणून दोन्ही बाजूंतून यू² वजा:

व्ही² − यू² = २ × ए × एस

आता दोन्ही बाजूंना २ × एस ने भागा:

ए = (व्ही² − यू²) ÷ (२ × एस) = −४०० ÷ ८० = −५

कंस विसरू देऊ नका. तो नसला की पोरं एकट्या यू² ला भागून मोकळी होतात.

नटबोल्ट

एवढा खटाटोप कशाला? आधी आकडे घालू द्या. ० = ४०० + ८० × ए. हे आठवीतलं पोरगंही सोडवेल. त्याला बीजगणित येतं हो, अक्षरांची गर्दी बघून घाबरतो.

खडूफळा

गुण मिळवायला ठीक. पण पुढे 'वेग दुप्पट झाला तर थांबायला किती अंतर लागेल' असं विचारलं, की आकडेच नसतात. तिथे एस = यू² ÷ (२ × मंदन) असं मांडलं (मंदन म्हणजे वेग कमी करणारं त्वरण, उणे चिन्ह काढून), की चौपट हे समोरच दिसतं. माझं म्हणणं, वहीच्या पानाचे दोन भाग करा. डावीकडे आकड्यांनी सोडवायचं, उजवीकडे त्याच पायऱ्या अक्षरांनी.

मोजपट्टी

एककंही तपासायला लावा. व्ही² चं एकक मीटर² प्रति सेकंद², २ × एस चं नुसतं मीटर. ही वजाबाकी होणारच कशी? लिटरमधून किलोमीटर वजा करण्यातला प्रकार. शिवाय −४८० खरं मानलं तर गाडी सेकंदाच्या चोविसाव्या भागात थांबेल. चालवणारा कुठे जाऊन पडेल हे त्यालाच विचारा, हसेल आणि लक्षात राहील.

नववीची_आई

दोन भागांची युक्ती चांगलीच लागू पडली, सगळ्यांचे आभार! आता पुढची अडचण. त्याच गणितात थांबायला लागलेला वेळ काढायचा आहे. त्याने दुसरं समीकरण घेतलं आणि ४० = २० × टी − २.५ × टी² इथे येऊन थांबला. टी दोन ठिकाणी आहे, एकटा कसा काढायचा?

खडूफळा

नववीच्या हत्यारांनी नाही निघणार. टी आणि टी² दोन्ही असले की ते वर्गसमीकरण, आणि तो धडा दहावीच्या गणित भाग १ मध्ये आहे. त्याचं काही चुकलेलं नाही, फक्त वाट लांबची निवडली. ए आता माहीत आहे, तर पहिलं समीकरण घ्या: ० = २० − ५ × टी, म्हणून टी = ४ सेकंद. दुसऱ्यात ताळा करून बघा: ८० − ४० = ४०. जुळलं.

गणित हातात आलं की आधी यादी करायची: काय दिलंय, काय हवंय, आणि कोणती राशी प्रश्नात आलेलीच नाही. जी नाही, तिच्याविना असलेलं सूत्र उचलायचं. त्वरण काढताना वेळेचा उल्लेख नव्हता, म्हणून तिसरं सूत्र.

नटबोल्ट

सुरुवात स्थिर अवस्थेतून असेल तर मात्र दुसऱ्यातूनही निघतो. यू = ०, मग एस = ½ × ए × टी². दुप्पट करा, ए ने भागा, शेवटी वर्गमूळ. वर्गमूळ सगळ्यात शेवटी, आधी नाही.

नववीची_आई

वर्गमूळाला अधिक-उणे दोन्ही येतात ना? उण्याचं काय करायचं?

मोजपट्टी

स्थिर अवस्थेतून सुटलेल्या गाडीत उणे वेळ म्हणजे सुटण्याआधीची, ती सोडून द्यायची. पण दोन उत्तरं आली की एक खोटंच असतं असं त्याला शिकवू नका. चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकला, गुरुत्व त्वरण १० धरलं, तर १५ मीटर उंचीवर तो कधी असेल? २० × टी − ५ × टी² मध्ये टी = १ घाला, १५ येतात. टी = ३ घाला, पुन्हा १५. एकदा जाताना, एकदा येताना. दोन्ही खरी.

आता त्यालाच २० मीटर आणि २५ मीटर उंचीसाठी टी शोधायला सांगा, ०, १, २, ३, ४ घालून. २५ ला काय होतं आणि का, ते त्याच्या शब्दांत इथे टाका.