मदत हवी आहे : भागिया कुटुंबाचं आयुष्मान कार्ड. गाव अलिराजपूरकडे, काम आमच्या शेतावर

दांडियाबाजार :

नमस्कार मंडळी. मी वडोदऱ्याची, शाळेत शिकवते. सासरची जमीन करजण तालुक्यात आहे, काळी माती, कपाशी आणि तूर. सासरे आणि दीर बघतात, मी सुट्टीत जाऊन येते. चार वर्षांपासून मध्य प्रदेशातल्या अलिराजपूरकडचं एक भिलाला आदिवासी कुटुंब आमच्याकडे भागिया आहे. ही पद्धत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते : जमीन, पाणी, बियाणं, खत मालकाचं, मेहनत सगळी त्यांची, आणि पिकाचा ठरलेला भाग त्यांना. आमच्याकडे चौथा. वर्षभर ते शेतातल्याच ओरडीत (खोलीत) राहतात. अखात्रीजला (अक्षय्य तृतीयेला) येतात, मधे दिवाळीला आणि भगोरियाला (होळीआधीचा त्यांचा सण) गावी जाऊन येतात.

गेल्या भाद्रपदात कपाशीवर फवारणी करून तो संध्याकाळी परत आला आणि उलट्या सुरू झाल्या. घाम, तोंडातून लाळ, बोलणं अडखळणारं. दिरांनी गाडीत घालून हायवेवरच्या एका खाजगी रुग्णालयात नेलं, कारण तेच जवळ होतं. त्याच्याकडे आयुष्मान कार्ड होतं, त्याने खिशातून काढून दिलंसुद्धा. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं. काउंटरवर सांगितलं, हे एमपीचं कार्ड आहे, इथे चालत नाही, वीस हजार डिपॉझिट भरा. त्या वेळी वाद घालायची कुणाची मनःस्थिती नव्हती. भरले. दोन रात्री तिथे काढल्या, मग सरकारी रुग्णालयात हलवलं, तिथे आठ दिवस. माणूस वाचला, देवाची कृपा. खाजगीतलं बिल शेहेचाळीस हजार.

नंतर मी कागद घेऊन बसले तेव्हा कळलं की घरातल्या पाच जणांपैकी कार्ड फक्त त्याचं आहे. त्याची बायको मूळची छोटाउदेपूर जिल्ह्यातली, म्हणजे गुजरातची. लग्न होऊन अलिराजपूरला गेली, पण रेशन कार्डावर नाव अजून माहेरी. गावातल्या सेंटरवाल्याने तिचंही 'कार्ड काढून दिलं' होतं, ते नीट बघितलं तर आभा, म्हणजे नुसतं आरोग्य-नोंदींचं ओळखपत्र निघालं. चौदा आकडी नंबर आहे, पण त्यावर इलाज होत नाही. ती बिचारी दोन वर्षं ते जपून ठेवत होती. मोठ्या दोन मुलांची नावं समग्रमध्ये (एमपी सरकारची कुटुंब-नोंदणी) आहेत, कार्डं नाहीत. धाकटी चौदा महिन्यांची, आमच्याच शेतावरच्या ओरडीत जन्मली. तिच्या जन्माची कुठेच नोंद नाही. हे वाक्य लिहिताना मला लाज वाटते आहे, कारण त्या दिवशी मी तिथे गेले होते, बाळाला झबलं देऊन आले, आणि नोंदणीचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

तर विचारायचं आहे ते असं. एमपीचं कार्ड गुजरातेत खरंच चालत नाही का? बायकोचं नाव कोणत्या राज्यात घालायचं? बाळाची नोंद आता कुठे आणि कशी होईल? आणि हे सगळं हंगाम न मोडता करता येईल का? आठवडाभर गावी गेला तर त्याची वेचणी अडते आणि नुकसान त्याच्याच भागाचं होतं. आजूबाजूच्या शेतांवर अशी अजून सहा-सात कुटुंबं आहेत, त्यामुळे एकाचं कळलं तर सगळ्यांचं करता येईल.

खिडकी_क्रमांक_४ :

ताई, मी पाच वर्षं एका रुग्णालयात आरोग्य मित्र (योजनेच्या रुग्णांना मदत करणारा) म्हणून काउंटरवर बसलो आहे, म्हणून ठामपणे सांगतो : कार्ड चालतं. आयुष्मान योजना २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली तेव्हापासून पोर्टेबिलिटी तिच्यात आहे. रुग्णालय योजनेत असेल तर कुठल्याही राज्याचं कार्ड तिथे चाललं पाहिजे. पहिला प्रश्न म्हणूनच हा : ते हायवेवरचं रुग्णालय यादीत होतं का? नसेल तर गुजरातचं कार्डही तिथे चाललं नसतं. असेल तर त्यांनी चुकीचं सांगितलं.

असं का सांगतात तेही लिहितो, कारण हे रोज घडतं. बाहेरच्या राज्याच्या रुग्णाची मंजुरी आणि पैसे त्याच्या स्वतःच्या राज्याकडून यायचे असतात, म्हणजे तुमच्या माणसाच्या बाबतीत भोपाळहून. स्थानिक कार्डाचा रस्ता काउंटरवाल्याच्या पायाखालचा असतो, हा नसतो. मग सोपं उत्तर 'चालत नाही'. अशा वेळी तिथेच उभं राहून १४५५५ ला (योजनेची हेल्पलाइन) फोन लावायचा आणि काउंटरवरच्या माणसाला बोलायला लावायचं. डिपॉझिट मागितलं तर पावती घ्यायचीच. योजनेत असलेल्या रुग्णालयाने कार्डधारकाकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात, आणि याची तक्रार केंद्रीय तक्रार पोर्टलवर नोंदवता येते. तुमच्याकडे पावत्या असतील तर आजही नोंदवा.

अजून एक. कुटुंब पात्र असेल तर कार्ड हातात नसतानाही दाखल झाल्यावर रुग्णालयातच ओळख पटवून कार्ड काढता येतं. फक्त आधार जवळ हवं आणि आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा. शेतात काम करणाऱ्यांचे अंगठे घासलेले असतात, मशीन घेत नाही, म्हणून ओटीपीचा रस्ता मोकळा ठेवा. नंबर बदलला की आधारमध्ये बदलत नाहीत, आणि सगळं तिथे अडतं.

दांडियाबाजार :

खूप धन्यवाद. आताच यादी बघितली, ते रुग्णालय यादीत आहे. पावत्याही आहेत.

मालवा_निवासी :

मी इंदूरचा, पण बँकेच्या नोकरीत सहा वर्षं अलिराजपूर आणि जोबटला काढली आहेत. एमपीत सगळ्याचं मूळ समग्र आयडी. कुटुंबाचा आठ आकडी, माणसाचा नऊ आकडी. मुलांची नावं समग्रमध्ये आहेत म्हणजे अर्धं काम झालेलं आहे. समग्र आणि आधारमधलं नाव व जन्मतारीख एकसारखी आहे ना तेवढं बघा, तिकडे हीच गफलत सगळ्यात जास्त. आमच्याकडे एकाच माणसाचं आधारवर एक नाव, समग्रमध्ये दुसरं आणि पासबुकावर तिसरं असायचं. दोन्हीकडे जुळत असेल तर मुलांची कार्डं आयुष्मान अॅपवरून वडोदऱ्यात बसूनही निघतील, गावी जायची गरज नाही. आधारला जोडलेला फोन समोर ठेवून बसा.

बायकोचं जरा किचकट आहे. छोटाउदेपूर आणि अलिराजपूरच्या मधे सीमा कागदावर आहे, माणसांच्या जगण्यात नाही. बोली मिळतीजुळती, सोयरीक इकडून तिकडे, बाजारहाट इकडचा तिकडचा. पण सीमा ओलांडून लग्न झालं की बाई दोन्ही याद्यांच्या मधे पडते. मी बँकेत अशा कितीतरी बायका बघितल्या, ज्यांचं खातं उघडायलाच पत्ता सापडत नसे. आधी माहेरच्या कुटुंबाच्या यादीत तिचं नाव आहे का ते तपासा. असेल तर तिचं गुजरातचं कार्ड लगेच निघू शकतं आणि तुमच्या जिल्ह्यात ते चालवायला कुणी कुरकुर करणार नाही. कायमचा मार्ग मात्र माहेरच्या रेशन कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला, मग सासरच्या समग्रमध्ये नाव, आधारचा पत्ता बदल. एका आधारवर एकच कार्ड, त्यामुळे दोन्हीकडे प्रयत्न करू नका.

हे गावचं काम भगोरियाला जातील तेव्हा करा. होळीच्या आधीच्या सात दिवसांत रोज वेगळ्या गावी हाट असतो, सगळं पंचक्रोशीचं माणूस घरी आलेलं असतं. पण त्याच आठवड्यात पंचायतीत कुणी सापडत नाही आणि त्यांनी तरी सणाचे दिवस रांगेत का घालवावेत? दोन दिवस आधी पाठवा. प्रतापनगरहून अलिराजपूरची गाडी आहेच.

डॉ_अनामिक :

मी वडोदऱ्यात मेडिसिनमध्ये काम करतो. लक्षणं वाचून ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक असावं असं वाटतं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात, उतारा म्हणून अॅट्रोपिन लागतं, कधी व्हेंटिलेटर. पुढच्या वेळी (न येवो) दोन गोष्टी : अंगावरचे कपडे लगेच काढून साबण-पाण्याने अंग धुवा, आणि औषधाची बाटली रुग्णासोबत आणा. बाटलीवरचा त्रिकोण लाल किंवा पिवळा असेल तर ते औषध अतिविषारी गटातलं आहे. फोन १०८ ला करा, ती गाडी कार्ड विचारत नाही. आमच्या शहरातल्या सरकारी रुग्णालयांत अलिराजपूर-झाबुआपासूनचे रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या येत आले आहेत, त्यांना कुणी परका मानत नाही. पोलिसांत नोंद होईल म्हणून घाबरून लोक उशीर करतात, तो करू नका.

कार्डाबद्दल एक मर्यादा लक्षात ठेवा. ते दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी गेल्यावरचे पंधरा दिवस धरले जातात, त्यापलीकडे ओपीडीचा खर्च नाही. ताप, जुलाब, बाळाचा खोकला, बाईचं पांढरं जाणं, या रोजच्या गोष्टींवर कार्ड उपयोगाचं नाही. त्यासाठी गावचं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि आशाबेन (गावची आशा कार्यकर्ती). आशाबेनच्या घर-यादीत शेतातल्या ओरड्या आहेत का, एवढं एक विचारून या. बहुतेक वेळा नसतात, कारण त्या गावठाणाच्या बाहेर असतात. बुधवारच्या ममता दिवसाला बाळाला न्या, लसीकरणासाठी कुठल्याच राज्याचं कार्ड लागत नाही. आणि मुलांची सिकल सेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी करून घ्या. या पट्ट्यातल्या आदिवासी कुटुंबांत ती करायलाच हवी.

रेवातीर :

सगळे प्रतिसाद उपयुक्त आहेत. मला ताईंना एकच विचारायचं आहे, आणि राग मानू नका. ते शेहेचाळीस हजार तुम्ही भरले, की त्याच्या उपाडात (भागातून कापून घ्यायची उचल) लिहिले? मी शिनोरकडे लहानाची मोठी झाले. आमच्याकडे दवाखान्याचा खर्च नेहमी उपाडात जायचा, आणि मग तो माणूस पुढची दोन-तीन वर्षं दुसरीकडे जाऊ शकत नसे. औषध मालकाचं, शेत मालकाचं, विषबाधा त्याची, आणि कर्जही त्याचंच. गुजरातेत खातेदार, म्हणजे जमीन नावावर असलेल्या शेतकऱ्यासाठी अपघात विमा आहे, त्यात त्याचे बायको-मुलंही येतात. पण पंप पाठीवर घेणारा खातेदार नसतो. कार्डाचं बघताय ते चांगलंच आहे. पण आधी वही बघा.

दांडियाबाजार :

रागवले नाही. दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण मला खरंच माहीत नव्हतं. मी समजत होते आम्ही भरले. काल करजणला जाऊन वही मागितली. भाद्रपद महिन्यात 'दवाखाना' म्हणून तेवीस हजार त्याच्या नावावर आहेत. निम्मे आमचे, निम्मे त्याचे, असं सासऱ्यांनी धरलं होतं. त्यांच्या मते ते न्यायाचं होतं, शेजारी तर पूर्ण लिहितात. मी त्यांना बाबा म्हणते, आजवर कधी शेतीच्या हिशेबात बोलले नव्हते. काल बोलले. सांगितलं की कार्ड चाललं असतं तर त्याला एक रुपया लागला नसता, आणि ते चाललं नाही यात त्याची काय चूक. दीर माझ्या बाजूने बोलले, कारण गाडी त्यांनी चालवली होती, त्यांनी त्याची अवस्था डोळ्यांनी बघितली होती. बाबांनी ती ओळ खोडली, बाजूला सही केली. मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही. रेवातीर, तुम्ही विचारलं नसतं तर ती ओळ या वर्षीच्या हिशेबात वळती झाली असती.

बाकी प्रगती : मुलांच्या आधारला त्याचाच जुना नंबर आहे, तो बंद पडलेला. उद्या आधार केंद्रात नेते. बायकोच्या माहेरच्या यादीत नाव सापडलं! आशाबेन येऊन ओरड्या लिहून गेली, आमच्या पट्ट्यातल्या सातही. बाळाचं अजून बाकी आहे.

खिडकी_क्रमांक_४ :

बाळाचं इथेच होईल. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, आईबाप कुठलेही असोत. म्हणजे तुमच्या गावच्या तलाटींकडे. एकवीस दिवसांत आलं असतं तर अर्ज एवढाच. आता वर्ष उलटल्यामुळे दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागेल. प्रतिज्ञापत्र आणि पुरावा मागतील : आशाबेनचं लेखी, लसीकरणाचं कार्ड, आणि जमीनमालक म्हणून तुमच्या सासऱ्यांचं निवेदन की बाळ आमच्या शेतावर जन्मलं. ते शेवटचं वजनदार ठरेल. दाखला मिळाला की निळं बाल आधार, त्याला बोटांचे ठसे लागत नाहीत, आईबापापैकी एकाचं आधार पुरतं. मग समग्र.

दांडियाबाजार :

बाबांना विचारलं. निवेदन देतो म्हणाले, आणि शेजारच्या दोन शेतांवरच्या बाळांचंही त्यांच्या मालकांकडून घेऊ म्हणाले. सोमवारी मामलतदार कचेरीत जातोय. प्रतिज्ञापत्र गुजरातीत करावं लागेल, पण बाळाची आई फक्त भिलाली बोलते आणि तिने अंगठा करण्याआधी तिला प्रत्येक ओळ समजायला हवी असं मला वाटतं. वडोदरा किंवा करजणमध्ये भिलाली आणि गुजराती दोन्ही नीट जाणणारं कुणी आहे का, सोमवारी दोन तास येऊ शकेल असं? जाण्यायेण्याची गाडी आमची. व्यनि करा.