8जे ईटी25 "बिनधास्त टाका" म्हणणाऱ्यांनो, जरा इकडे या

इंजिनगरम:
काल इथे एका भावाने लिहिलंय, "पोलोला 16 इंची 8जे ईटी25 बिनधास्त टाका, ऑफसेट-बिफसेट सगळं पुस्तकी, चाक मडगार्डच्या काठाला टेकलं पाहिजे, घासलं तर फेंडर रोल करायचा, म्हणजे मडगार्डची कड आत दुमडायची." आणि खाली बदामांचा पाऊस. रात्री झोप लागेना म्हणून लिहितोय.

नवख्यांसाठी: जे म्हणजे रिमची रुंदी इंचात. ईटी म्हणजे ऑफसेट, चाक गाडीच्या हबला टेकतं ती जागा रिमच्या मधल्या रेषेच्या किती मिमी बाहेर आहे ते; तो कमी केला की चाक बाहेर येतं. पोलोला कंपनीचं 15 इंची चाक 6जे, ऑफसेट चाळीसच्या आसपास. 8जे म्हणजे दोन इंच जास्त, त्यातला एक इंच आत, एक बाहेर. वर ऑफसेट 15 ने कमी केलात, तोही बाहेर. म्हणजे बाहेरची कड 40 मिमी बाहेर आली आणि आतली 10 मिमी आतल्या शॉकॲब्सॉर्बरच्या स्ट्रटकडे सरकली. चार सेंटिमीटर! पट्टी घेऊन गाडीपाशी जा आणि बघा तेवढी जागा आहे का. टायर काय घालणार तर 195/55, म्हणजे 195 मिमी रुंदीचा. त्याला रिम साडेपाच ते सात जे सांगितलेली असते, आठवर तो ताणून बसवायचा, मग रिमची कड टायरच्या बाहेर उघडी, आणि आपल्याकडच्या खड्ड्याला नेमकी तीच कड सापडते. त्यात चाक इतकं बाहेर गेलं की व्हील बेअरिंगवर 40 मिमीचा तरफेचा लोड, स्टेअरिंग हातातून ओढणार ते वेगळंच. 7जे ईटी38 घ्या ना, बाहेर 15 मिमीच्या आत भागतं, आत 11 च्या आत, दिसायलाही भरलेलं दिसतं. पण नाही, आपल्याला फोटो काढायचाय.

नादखुळा_एमएच09:
ते मीच लिवलंय लगा. तुझं गणित बरोबर असंल, पर गाडी माझी हाय आणि रोज चालती. कोल्हापूर-रत्नागिरी आंबा घाटातनं किती येळा गेलो, काय घासलं न्हाई. तुझ्या 7जे ईटी38 ला कोण वळून बघणार, शोरूमवाल्यानं ॲक्सेसरीत दिल्यागत दिसतंय. आणि बाहेरच्या देशात कंपनीनंच पोलो जीटीआयला 17 इंची 215/40 दिलंय की, मग आम्ही 16 घातल्यावर एवढी आग का?

इंजिनगरम:
17 दिलं, पण ऑफसेट चाळीसच्या वर ठेवून दिलं. मी इंचांवर बोललोच नाहीये, नीट वाच. आणि एकटा फिरतोस म्हणून घासत नाही. गौरी-गणपतीला मागे तीन जण, डिक्कीत सामान, अशी गाडी भरून कोकणात ने. मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा दांडा, दोन्ही बाजू एकदम बसल्या की चाक वरून आत कलत नाही, सरळ उभं वर जातं. मडगार्डची कड टायरमध्ये.

सटाणकर:
दोघं भांडा, पण एक चूक राहून जातेय. बेअरिंगवरचा जादा लोड बाहेरच्या कडेवरून मोजत नाहीत, चाकाची मधली रेषा किती सरकली त्यावरून मोजतात. ती सरकली 15 मिमी, चाळीस नाही. रुंदी दोन्हीकडे सारखी वाढते, तिने मधली रेषा हलत नाही. स्टेअरिंगची ओढ ज्यावर ठरते त्या स्क्रब रेडियसलाही तोच हिशेब. घासण्यासाठी 40 बघा, बेअरिंगसाठी 15.

इंजिनगरम:
बरं, पंधरा. धन्यवाद प्राध्यापक. पंधराने बेअरिंगला गुदगुल्या होतात असं समजू का?

सटाणकर:
समजा हवं ते. आकडा चुकला की समोरचा पळवाट काढतो एवढंच सांगायचं होतं.

नादखुळा_एमएच09:
पळवाट न्हाई, हायवे झाला 😂

ओतकाम_शिरोली:
ऑफसेटवर एवढं रामायण, पण चाक ओतलंय कसं हे एकानेही विचारलं नाही. अशा उथळ गप्पा वाचून वैताग येतो. मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आयुष्य घालवलंय. बाजारात हुबेहूब जर्मन डिझाइनची जी स्वस्त कॉपी मिळते ती साधी ग्रॅव्हिटी कास्टिंग असते, म्हणजे धातू साच्यात नुसता ओतलेला, आणि अ‍ॅल्युमिनियमला तापवून-निववून मजबूत करायची टी6 हीट ट्रीटमेंट नीट झाली नसेल तर 8जे असो की 6जे, खड्ड्यात तडकणारच. आत पोरॉसिटी, म्हणजे गॅसची बारीक भोकं, असेल तर हवासुद्धा हळूहळू जाते, लोक पंक्चरवाल्याला शिव्या देत बसतात. धातू दाबाने साच्यात भरलेलं लो प्रेशरचं, किंवा रिम फिरवत रोलरने दाबून घडवलेलं फ्लो फॉर्मिंगचं चाक घ्या, महाग पडेल पण पडू दे.

नादखुळा_एमएच09:
काका, माझ्या रिमवर जेडब्ल्यूएल छापलंय. जपानी स्टँडर्ड. आता बोला.

ओतकाम_शिरोली:
बोलतो. जेडब्ल्यूएल हा शिक्का बनवणारा स्वतःच मारतो, "आम्ही टेस्ट केली" म्हणून. बाहेरच्या संस्थेने तपासून नोंद केल्यावर व्हीआयए येतो. आणि तोसुद्धा कॉपी करणाऱ्याला डायमध्ये कोरता येतो, अक्षरं ओतायला वेगळं ॲल्युमिनियम लागत नाही. मागच्या बाजूला लोड किलोत दिलेला असतो तो वाच. पुढच्या एक्सलवर जास्तीत जास्त जेवढं वजन धरलंय त्याच्या निम्म्यापेक्षा तो जास्त पाहिजे. आकडाच नसेल तर चाक परत कर.

धुरकट:
तुमच्या फाउंड्रीत ओततात काय पण? शिरोलीत बहुतेक ठिकाणी लोखंड ओततात. ब्रेक ड्रम ओतणाऱ्याने ॲल्युमिनियमचं ज्ञान द्यायचं म्हणजे कहर आहे.

ओतकाम_शिरोली:
बाळा, पोरॉसिटी लोखंडालाही येते आणि ॲल्युमिनियमलाही. धातू बदलला म्हणून गॅस जात विचारून आत शिरत नाही. माझ्या पुतण्याच्या गाडीचं तडकलेलं रिम एका दुकानात वेल्डिंग करून रंगवून दिलं, म्हणे नव्यासारखं. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथली हीट ट्रीटमेंट गेली, तडा बरोबर वेल्डच्या शेजारून परत आला. मी त्याला आधीच सांगितलं होतं, पण घरातल्याचं कोण ऐकतं.

धुरकट:
पुतण्याची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे.

ओतकाम_शिरोली:
मग तू वेल्ड केलेलं चाक लावून एक्सप्रेसवेला जा, तोच पुरावा होईल.

ऑरेंजसिटी:
काहून भांडून राह्यले बे. चाक कोणतंबी टाका, तोडते तर स्पीडब्रेकर. आयआरसीच्या, म्हंजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशोबानं तो 3.7 मीटर रुंद आन् 10 सेंटिमीटर उंच, गोल पाठीचा पाहिजे. आमच्या गल्लीतला नगरसेवकानं रातोरात टाकला तो म्हणजे निस्ता डांबराचा ढीग. खाली केलेली गाडी तर सोडा, ॲक्टिवाबी खाली लागते. त्याच्यावर कोणी बोलत नाही.

निळी_पोलो:
स्पीडब्रेकरचा वेगळा धागा काढा हो दादा. मला कायद्याचं विचारायचंय. मोटार वाहन कायद्यात 182ए आहे, परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. चार चाकं म्हणजे एक बदल की चार? आमच्याकडे चौकात मामा फक्त काळ्या काचा बघतात म्हणून चाललंय. आणि इन्शुरन्सवाल्याला अलॉय घातल्याचं इथल्या कितीजणांनी कळवलंय?

नादखुळा_एमएच09:
ताई, एकदम कैदच? चाकासाठी आत गेलो तर आई जामीन पण देणार न्हाई.

इंजिनगरम:
हसण्यावारी नेऊ नकोस. पॉलिसीत ॲक्सेसरी म्हणून लावून घेतलं नसेल तर चाकांचे पैसे विसर. हे मी मागेही लिहिलं होतं, तेव्हा मला "आरटीओचा एजंट" म्हणाले होते.

धुरकट:
आहेसच.

सटाणकर:
चाकांवर परत येऊया का? भावा, सेंटर बोअर, म्हणजे मधलं भोक, किती आहे तुझ्या रिमचं? पोलोचा हब 57.1 मिमी. बाजारातली रिम्स मोठ्या बोअरची येतात, सगळ्या गाड्यांना चालावीत म्हणून. मधली फट भरायला हब रिंग आहे का?

नादखुळा_एमएच09:
रिंग हाय, प्लास्टिकची. 100 च्या पुढं हलकं व्हायब्रेशन येतंय, पर ते रस्त्यामुळं.

सटाणकर:
अर्थात, रस्ताच 57.1 चा नसेल. बॅलन्सिंग परत करून बघ, आणि रिंग ब्रेकच्या उष्णतेने ढिली झाली असेल तर ॲल्युमिनियमची घे. आता बोल्ट सांग. कंपनीचे बोल्ट गोल बैठकीचे असतात, बाहेरच्या अलॉयला बहुतेक टेपर, म्हणजे निमुळत्या बैठकीचे लागतात. जुनेच लावलेस की नवे घेतलेस?

नादखुळा_एमएच09:
नवे, टेपर. दुकानदारानं दिले रिमसोबत. एवढा बी येडा न्हाई मी.

इंजिनगरम:
चला, एक गोष्ट बरोबर केली. लिहून ठेवतो.

सटाणकर:
छान. आणि स्टेपनी? ती कंपनीचीच लोखंडी ना? तिला गोल बैठकीचेच बोल्ट लागतात, ते पाचही डिक्कीत ठेवलेत ना?

नादखुळा_एमएच09:
कुठले पाच?