सहायक प्रशिक्षकाच्या हाती मोठा क्लब सोपवावा का?

मध्यरक्षक :

मोठ्या फुटबॉल क्लबचा मॅनेजर पायउतार झाला, की संचालकांपुढे साधारणपणे दोन वाटा असतात. दुसऱ्या क्लबात नाव कमावलेल्या प्रशिक्षकाला बोलावून आणायचे, किंवा जाणाऱ्या मॅनेजरच्या शेजारी बाकावर बसणाऱ्या सहायकाकडे सूत्रे द्यायची. दुसऱ्या वाटेचे नाव काढले, की ‘माणूस चांगला आहे, पण दुय्यम जागेवरच शोभतो’ असा शेरा मारून विषय संपवला जातो. माझे मत याच्या उलट आहे. क्लबची घडी नीट बसलेली असेल, तर पहिला विचार सहायकाचा व्हावा, आणि बाहेरचा माणूस त्याच्यापेक्षा सरस का आहे, हे पटवून देण्याची जबाबदारी संचालकांवर असावी.

लिव्हरपूलचे उदाहरण जुने असले तरी त्याला तोड नाही. जुलै १९७४ मध्ये बिल शँकली यांनी अनपेक्षितपणे राजीनामा दिला आणि क्लबने बॉब पेझली यांना पुढे केले. पेझली १९३९ मध्ये खेळाडू म्हणून आले होते; पुढे फिजिओ, प्रशिक्षक आणि सहायक अशा पायऱ्या ते एकाच आवारात चढले, आणि मॅनेजर होण्याची त्यांना स्वतःला मुळीच हौस नव्हती. पहिल्या हंगामात हाती काही लागले नाही. पुढच्या आठ हंगामांत सहा लीग विजेतेपदे आणि तीन युरोपियन कप (युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, आजची चॅम्पियन्स लीग) आले. शँकली यांनी जाता जाता आर्सेनलकडून रे केनेडी हा आघाडीचा खेळाडू घेऊन ठेवला होता. आघाडीवर त्याचे बस्तान बसेना, तेव्हा पेझली यांनी त्याला मधल्या फळीत डाव्या बाजूला नेले आणि तिथे तो इंग्लंडच्या संघापर्यंत पोहोचला. अशा वेळी बाहेरून आलेला मॅनेजर बहुधा नवा खेळाडू मागतो. रोज सरावाच्या मैदानावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र हाताशी असलेला खेळाडू आणखी काय करू शकेल, ते दिसलेले असते.

अलीकडचे उदाहरण बायर्न म्युनिकचे आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये फ्रँकफर्टकडून १-५ अशी हार झाल्यावर निको कोवाच गेले आणि त्यांचे सहायक हान्सी फ्लिक यांच्याकडे संघ आला. कोवाच यांच्या काळात बाकावर बसू लागलेल्या थॉमस म्युलरला फ्लिक यांनी पुन्हा संघाच्या केंद्रस्थानी आणले. त्या हंगामात बुंडेसलिगा या जर्मन लीगमध्ये म्युलरने २१ गोलांना साहाय्य केले, आणि बायर्नने लीग, जर्मन कप आणि चॅम्पियन्स लीग या तिन्ही स्पर्धा जिंकल्या. हे यश नशिबाचे होते असे मला वाटत नाही.

तिरकी_किक :

जिंकलेल्यांची यादी वाचली, की प्रत्येक पद्धत उत्तमच वाटते. मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर सर ॲलेक्स फर्ग्युसन यांच्या सहायकांचे पुढे काय झाले, ते पाहा. ब्रायन किड १९९८ च्या डिसेंबरमध्ये ब्लॅकबर्नला गेले आणि तो संघ त्याच हंगामात खालच्या विभागात घसरला. रेने म्युलेन्स्टीन फुलहॅमला काही आठवडेच टिकले. कार्लोस केरोश २००३ मध्ये थेट रेआल माद्रिदला गेले. झिदान, फिगो, रोनाल्दो, राउल आणि बेकहॅम एकाच संघात असताना लीगच्या अखेरच्या टप्प्यात ओळीने सामने गमावत ते चौथ्या स्थानावर आले, आणि पुढच्या हंगामात पुन्हा फर्ग्युसन यांच्या शेजारी येऊन बसले. हा माणूस त्याआधी पोर्तुगालच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक होता, त्यामुळे अनुभव नव्हता असेही म्हणता येत नाही.

माझा मूळ आक्षेप मात्र वेगळा आहे. सहायकाचे काम आणि मॅनेजरचे काम ही एकाच कामाची छोटी-मोठी रूपे नाहीत. सामन्याच्या आदल्या दिवशी अकरा नावे जाहीर होतात आणि वगळलेल्या खेळाडूचा चेहरा पडतो. मॅनेजर निर्णय सांगून निघून जातो. त्या खेळाडूला बाजूला घेऊन, पुढच्या आठवड्यात संधी मिळेल म्हणून धीर देणारा माणूस सहायक असतो. खेळाडू त्याच्याकडे मॅनेजरची तक्रारही करतात, आणि ती वर पोहोचवायची की पोटात ठेवायची, हे त्याला कळते म्हणूनच तो चांगला सहायक ठरतो. अशा माणसाला एका सोमवारी सांगायचे, की आजपासून वगळण्याचा निर्णय तुझा. ज्यांच्या तक्रारी त्याने इतकी वर्षे पोटात ठेवल्या, तेच खेळाडू आता त्याच्याविरुद्ध तक्रार करणार, आणि ती ऐकायला मधला कोणी उरलेला नाही.

मँचेस्टर युनायटेडने १९६९ मध्ये हाच प्रयोग केला होता. सर मॅट बझ्बी बाजूला झाले आणि प्रशिक्षकवर्गातील विल्फ मॅकगिनेस यांच्याकडे संघ आला. मॅकगिनेस आणि बॉबी चार्ल्टन एकाच वर्षी, एकाच महिन्यात जन्मलेले, एकाच युवा संघातून आलेले. आपल्याच बरोबरीच्या आणि आपल्याहून कितीतरी कीर्तिमान खेळाडूला वगळण्याची वेळ त्यांच्यावर आली. डिसेंबर १९७० मध्ये त्यांना हटवून पुन्हा बझ्बी यांनाच बोलवावे लागले.

गोलपोस्टमागे :

तिरकी_किक यांनी मॅकगिनेस यांचे उदाहरण दिले, पण त्यातला महत्त्वाचा भाग सोडून दिला. बझ्बी क्लब सोडून गेले नव्हते. जनरल मॅनेजर म्हणून त्याच इमारतीत बसत होते. खेळाडूंना आपला खरा ‘बॉस’ कोण हे ठाऊक असताना नव्या माणसाचा शब्द कोण मानणार? लिव्हरपूलमध्येही हा पेच आला होता. राजीनाम्यानंतरही शँकली मेलवुडच्या सराव मैदानावर येत राहिले आणि खेळाडू सवयीने त्यांनाच ‘बॉस’ म्हणत राहिले. त्यांनी येऊ नये असे अखेर त्यांना सुचवण्यात आले. ते क्लबच्या इतिहासातले कटू पान आहे, तरी पेझली यांना मोकळे मैदान मिळाले ते त्यामुळेच. युनायटेडने मॅकगिनेस यांना ते कधीच दिले नाही, त्यामुळे त्यांच्या अपयशाचे माप केवळ त्यांच्या पदरात घालणे मला रास्त वाटत नाही.

आणखी एक. किड आले तेव्हा ब्लॅकबर्न आधीच गुणतक्त्याच्या तळाशी होते. आणि फर्ग्युसन यांच्याच सहायकांपैकी स्टीव्ह मॅक्लॅरन यांना तुम्ही सोयीस्करपणे वगळलेत. त्यांनी २००४ मध्ये मिडल्सब्रोला लीग कप जिंकून दिला, आणि तो त्या क्लबचा पहिला मोठा चषक होता.

तिरकी_किक :

मॅक्लॅरन यांचे पुढचे पानही वाचा. इंग्लंडचा संघ त्यांच्या हाती दिला आणि तो २००८ च्या युरो स्पर्धेला पात्रसुद्धा ठरला नाही.

सरावाचा_खांब :

दोन्ही बाजू एक फरक पुसून टाकत आहेत. स्वतःच्याच ड्रेसिंग रूममध्ये वर चढलेला सहायक आणि दुसऱ्या क्लबात मॅनेजर म्हणून गेलेला सहायक, ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. किड, म्युलेन्स्टीन, केरोश आणि मॅक्लॅरन हे सगळे दुसऱ्या प्रकारात मोडतात. खेळाडूंची ओळख हे सहायकाचे खरे भांडवल, आणि क्लब बदलताना ते मागेच राहते. त्यामुळे फर्ग्युसन यांच्या सहायकांची यादी कितीही वाढवली, तरी मूळ प्रश्नाला उत्तर मिळत नाही. मॅकगिनेस यांचे उदाहरण तेवढे लागू पडते.

बचावफळी :

मग पहिल्या प्रकारातलेच उदाहरण घेऊ. मार्च २०१२ मध्ये चेल्सीने आंद्रे व्हिलास-बोआश यांना काढले आणि सहायक रॉबर्टो दि मातेओ यांना हंगामी मॅनेजर केले. मे महिन्यात त्यांनी एफए कप जिंकला, आणि म्युनिकमध्ये बायर्नला पेनल्टींवर हरवून क्लबला पहिली चॅम्पियन्स लीग मिळवून दिली. जूनमध्ये पक्का करार झाला. नोव्हेंबरमध्ये युव्हेंटसकडून ०-३ अशी हार झाली आणि त्यांची गच्छंती झाली.

यातून मला दिसते ते असे, की सहायक तात्पुरता उत्तम चालतो. त्रासलेल्या खेळाडूंना ओळखीचा चेहरा मिळतो, गेलेल्या मॅनेजरने दूर लोटलेले ज्येष्ठ पुन्हा संघात येतात, आणि अपेक्षा खाली आलेल्या असल्याने पाय मोकळे होतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅनेजर एरिक टेन हाग गेल्यावर त्यांचे सहायक रूड व्हॅन निस्टलरॉय यांनी युनायटेडची चार सामन्यांत एकही हार होऊ दिली नाही. मग त्यांनी लेस्टरची सूत्रे घेतली आणि तो संघ त्याच हंगामात प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. तात्पुरत्या यशावर दीर्घ करार करणे ही मोठ्या क्लबांची नेहमीची चूक आहे. शिवाय मध्यरक्षक यांच्या हेही लक्षात आणून देतो, की दि मातेओ यांनी त्याआधी वेस्ट ब्रॉमला प्रीमियर लीगमध्ये आणले होते, आणि फ्लिक यांनी हॉफेनहाइम सांभाळले होते व २०१४ चा विश्वचषक जिंकणाऱ्या जर्मन संघाचे ते सहायक होते. ज्यांना आपण ‘सहायक’ म्हणतो, त्यांच्यातले यशस्वी लोक आधीच कुठे ना कुठे प्रमुख होऊन आलेले आहेत.

मध्यरक्षक :

बचावफळी यांचा हा मुद्दा माझ्याच बाजूने जातो. सहायक म्हणजे नवशिका, ही समजूतच मुळात काढून टाकायला हवी. आणि व्हॅन निस्टलरॉय यांचे लेस्टर पुन्हा दुसऱ्या प्रकारात मोडते. सरावाचा_खांब यांनी सांगितलेला फरक तिथेही लागू आहे. फ्लिक यांची कामगिरी तात्पुरत्या उसळीपुरती नव्हती, कारण पुढच्या हंगामातही बायर्नने लीग जिंकली. ते २०२१ मध्ये गेले ते स्वतःच्या इच्छेने. टिटो विलानोव्हा यांच्याबाबत काय म्हणाल? पेप ग्वार्डिओला यांचे सहायक असलेल्या विलानोव्हांनी २०१२-१३ मध्ये बार्सिलोनाला १०० गुणांसह ला लिगा ही स्पॅनिश लीग जिंकून दिली.

बचावफळी :

विलानोव्हांबद्दल आदर बाळगूनच लिहितो. तो संघ ग्वार्डिओलांनी घडवलेला होता, मेस्सी ऐन भरात होता, आणि त्याच हंगामात चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत बायर्नने बार्सिलोनाला दोन सामन्यांत मिळून ७-० असे हरवले. वारशाने मिळालेला संघ एक हंगाम चालतोच. तो म्हातारा होऊ लागला, की मोडून नव्याने बांधण्याची हिंमत कोणात आहे, हा खरा प्रश्न असतो. दुर्दैवाने आजारपणामुळे विलानोव्हांना तो प्रश्न सोडवण्याची संधीच मिळाली नाही, म्हणून त्यांचे नाव कोणत्याच बाजूने पुढे करू नये.

चेंडू_बाहेर :

लिओनेल स्कालोनी अर्जेंटिनाच्या संघात सहायक होते. २०१८ मध्ये तात्पुरते प्रमुख झाले आणि २०२२ चा विश्वचषक घेऊन आले. चर्चा इथेच संपायला हवी.

तिरकी_किक :

राष्ट्रीय संघाला दर तीन दिवसांनी सामना नसतो, खेळाडूंची खरेदी-विक्री नसते आणि रोजचा सरावही नसतो. स्कालोनी यांचे कर्तृत्व मोठे आहेच, पण इथला विषय क्लबचा आहे.

सरावाचा_खांब :

मोडून बांधण्याचा प्रश्न निघाला आहे, तर मिकेल आर्टेटा यांचे नाव टाळता येणार नाही. मँचेस्टर सिटीत ग्वार्डिओलांच्या हाताखाली काम केल्यावर डिसेंबर २०१९ मध्ये ते आर्सेनलला आले. प्रमुख म्हणून पाटी कोरी होती. ऑगस्ट २०२० मध्ये एफए कप मिळाला, पण लीगमध्ये संघ सलग दोन हंगाम आठवा आला. २०२१-२२ ची सुरुवात तर अशी, की पहिल्या तिन्ही सामन्यांत हार, नऊ गोल खाल्लेले, एकही केलेला नाही, संघ गुणतक्त्याच्या तळाशी. त्यानंतरच्या हंगामापासून मात्र तो लागोपाठ तीनदा उपविजेता ठरला.

या काळात क्लबने काय केले, ते महत्त्वाचे आहे. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांचे पद ‘मुख्य प्रशिक्षक’ असे होते, ते बदलून ‘मॅनेजर’ केले, म्हणजे संघबांधणीत त्यांचा शब्द वाढवला. मेसुट ओझिलला त्यांनी संघाच्या नोंदणीतून वगळले, तेव्हा क्लब मागे उभा राहिला. डिसेंबर २०२१ मध्ये शिस्तभंगावरून पियेर-एमरिक ओबामेयांगचे कर्णधारपद काढून घेतले आणि दोन महिन्यांच्या आत तो बार्सिलोनाला गेला, तेव्हाही क्लब मागे उभा राहिला. तिरकी_किक यांचे म्हणणे असे, की सहायकाला नकार देण्याची सवय नसते. आर्टेटांनी क्लबातल्या दोन अत्यंत महागड्या खेळाडूंना नकार दिला. मॅकगिनेस यांना असा पाठिंबा असता, तर आज त्यांचे नाव आपण वेगळ्या संदर्भात घेतले असते.

तिरकी_किक :

आर्टेटा आर्सेनलचे सहायक नव्हते, आर्सेनलचे जुने खेळाडू होते. तुमच्याच वर्गवारीनुसार ते ‘बाहेर गेलेल्या’ सहायकांत बसतात. त्यामुळे ओळखीचे भांडवल नसतानाही सहायक यशस्वी होतो, हे तुम्हीच सिद्ध केलेत, आणि तुमची वर्गवारी तिथेच ढासळते. आणि दोन हंगाम आठव्या क्रमांकावर राहिलेल्या, पंचवीस वर्षांत प्रथमच युरोपीय स्पर्धा हुकलेल्या मॅनेजरला सांभाळून घेणारे मोठे क्लब किती आहेत, हेही सांगा. अशा संयमाच्या भरवशावर निवडीचे धोरण ठरवता येत नाही.

गोलपोस्टमागे :

एका रिकाम्या खुर्चीकडे अजून कोणी पाहिलेले नाही. सहायक वर चढला, की त्याची स्वतःची जागा रिकामी होते, आणि वगळलेल्या खेळाडूला धीर देण्याचे जे काम तिरकी_किक यांनी सुरेख वर्णन केले आहे, ते करायला नवा माणूस लागतो. पेझली वर गेले तेव्हा त्यांची जागा घ्यायला जो फेगन होते, त्यांच्यामागे रॉनी मोरन आणि रॉय इव्हान्स होते. ॲनफिल्ड या लिव्हरपूलच्या मैदानातल्या त्या चिंचोळ्या बूट रूममध्ये बुटांच्या रांगांजवळ बसून ही माणसे रोज सामन्यांवर बोलत आणि सरावाच्या नोंदी ठेवत. म्हणूनच १९८३ मध्ये पेझली निवृत्त झाल्यावर फेगन यांनी पहिल्याच हंगामात लीग, लीग कप आणि युरोपियन कप हे तिन्ही मिळवले. आर्टेटांनीही आल्याबरोबर स्टीव्ह राउंड आणि आल्बर्ट स्टायव्हेनबर्ग हे अनुभवी सहायक शेजारी बसवले. याउलट, विलानोव्हा उपचारांसाठी न्यूयॉर्कला गेले तेव्हा बार्सिलोनाची धुरा काही आठवडे जोर्डी राउरा यांच्यावर आली, कारण त्या बाकावर दुसरा वजनदार माणूसच नव्हता. त्याच काळात संघ मिलानमध्ये ०-२ असा हरला.

तेव्हा बढतीचा विचार करणाऱ्या क्लबाला मी आधी हे विचारीन, की तुमच्या सहायकाचा सहायक कोण आहे?

तिरकी_किक :

हा प्रश्न मला मान्य आहे, आणि त्याचे उत्तर तयार असलेल्या क्लबात बढतीला माझा विरोध नाही. दोन अटी मात्र घालीन. जुन्या मॅनेजरला इमारतीत कोणतेही पद देऊ नये, आणि नव्याच्या करारावर पहिल्या दिवसापासून ‘हंगामी’ हा शब्द नसावा. दि मातेओ युरोपचे विजेते होऊनही त्या शब्दाच्या सावलीतून बाहेर पडले नाहीत. क्लबने त्यांना नेमले ते दुसरा कोणी मिळेपर्यंत, हे खेळाडूंनाही ठाऊक होते.

मध्यरक्षक :

पहिली अट बिनशर्त मान्य. दुसरीत थोडी सवलत ठेवा, कारण बायर्ननेही फ्लिक यांना सुरुवातीला तात्पुरतेच नेमले होते आणि करार पुढे वाढवला. फरक एवढाच, की तो कप जिंकल्यावर वाढवला नाही. हंगाम अजून चालू असतानाच वाढवला.