जिमवाल्याने लेग प्रेस काढून टर्फ टाकलं, मशीन खरंच सोडावी का?

गुडघेदुखी_पुणे
आमच्या जिममध्ये लेग प्रेस (पायाने वजन ढकलायचं मशीन), पेक डेक (छातीचं मशीन) सगळं काढून हिरवं टर्फ म्हणजे नकली गवत टाकलंय. आता स्लेड (वजन लादलेली घसरगाडी) ढकला, केटलबेल (कडीचा लोखंडी गोळा) फिरवा, बॅटल रोप (जाड दोर) आपटा, म्हणे फंक्शनलच करायचं, म्हणजे रोजच्या कामासारखे अख्ख्या अंगाचे व्यायाम, मशीनचा जमाना गेला. माझं वय ४६, दिवसभर बसून काम, उजवा गुडघा कुरकुरतो. मशीनवर बरं पडायचं, पिन लावली की सुरू. इथे वीसेक जणांना एक ट्रेनर आणि घड्याळ लावून नुसती पळापळ. काय करू?

ट्रेनर_नाशिक
दादा मशीन वाईट नाही हो. त्यात वजन ठरलेल्या वाटेनेच फिरतं, तोल सांभाळावा लागत नाही, म्हणून नवख्यांना, दुखापतीतून उठलेल्यांना आणि एखादाच स्नायू वाढवायचा असेल तर ती उत्तमच. पण भरलेला सिलिंडर उचलून बघा, गॅस १४.२ किलो आणि टाकीचं वजन वर साधारण तेवढंच, तिथे पकड, कंबर, मांड्या सगळं एकदम लागतं आणि ते पेक डेकवर बसून येत नाही. बाकी टर्फ टाकण्यामागे जिमचा हिशोबही आहे, मशीनवर एका वेळी एकच जण, टर्फवर अख्खी बॅच. त्यात २०२५ ला मुंबईत हायरॉक्स (धावणं आणि मधेमधे स्लेड ढकलण्यासारखे व्यायाम अशी शर्यत) झाल्यापासून सगळ्यांना स्लेड हवाय.

तालीमवाला_कोल्हापूर
आमच्याकडे हे नवीन नाही. जोर, बैठका, लाकडी मुदगल फिरवणं, दोर चढणं, खोऱ्यानं हौदा म्हणजे आखाड्यातली माती उकरणं, सगळं अंग एकत्र कामाला लागतंय. पण वस्ताद नव्या पोराच्या हातात पहिल्याच दिवशी जड मुदगल देत नाहीत, आधी हलका, खांदा मोकळा झाला की पुढचा. वीस जणांना एकच वजन आणि एकच घड्याळ, हे मला अजिबात पटत नाही.

मीनल_ठाणे
माझ्या आईला जमिनीवरून उठताना आधार लागायचा. फिजिओने खुर्चीतून हात न टेकता उठ-बस दिली, मग पायरी, मग दोन्ही हातात पिशव्या घेऊन चालणं. आता देवासमोर पाटावर बसते आणि आपली आपण उठते. ६५ च्या पुढच्यांनी आठवड्यातून किमान तीनदा तोल आणि ताकदीचा व्यायाम करावा असं डब्ल्यूएचओ पण सांगते, मला तर हे प्रत्येक घरात व्हायला हवं असं वाटतं.

गुडघेदुखी_पुणे
मनापासून आभार सगळ्यांचे. मग गुडघ्याचं काय, सुरुवात कशाने करू?

ट्रेनर_नाशिक
आधी ऑर्थोला किंवा फिजिओला दाखवा, त्याशिवाय उड्या आणि बर्पी (खाली झोपून उठून उडी) नकोच. त्यांनी हो म्हटलं की बॉक्सवर टेकून गॉब्लेट स्क्वॉट, म्हणजे वजन छातीशी धरून बैठक, हलकी केटलबेल, सावकाश खाली आणि सावकाश वर, शेवटी फार्मर्स वॉक, म्हणजे दोन्ही हातात वजन घेऊन चालणं. दर थोड्या दिवसांनी वजन किंवा रेप्स (किती वेळा करायचं ते) वाढवा, मशीन असो की टर्फ, वाढवल्याशिवाय ताकद येत नाही. आणि जिमवाल्याला सांगा, लेग कर्ल तरी ठेव बाबा, मांडीच्या मागच्या बाजूला तिच्याइतकं सोपं दुसरं काही नाही.