बटण दाबून धरल्याने काही होत नाही म्हणे!

दुरुस्तीवाला (यवतमाळ जिल्हा)

तालुक्याच्या गटावर काल एका सद्गृहस्थांनी लिहिले आहे : "शटडाऊन हा रिकामटेकड्यांचा सोपस्कार आहे. मी रोज सायंकाळी बटण दाबून धरतो आणि सकाळी संगणक मुकाट्याने सुरू होतो. आपल्याकडे लाइट काय सांगून जाते? तेव्हा संगणक मरतात काय?" त्याखाली पसंतीचे इतके अंगठे उमटले की हा धागा काढणे भाग पडले, कारण हेच अंगठे देणारे लोक पेरणीच्या तोंडावर कृषी केंद्राच्या उधारीची फाइल उघडत नाही म्हणून हार्ड डिस्क रुमालात गुंडाळून माझ्या दुकानी येतात.

बटण दाबून सोडले तर विंडोजला केवळ निरोप जातो आणि सेटिंगप्रमाणे ती झोपते किंवा रीतसर बंद होते. तेच बटण दाबून धरले की सुमारे ४ सेकंदांनी (हा आकडा एसीपीआय या संगणकाच्या वीज-व्यवस्थेच्या मानकातलाच आहे; काही लॅपटॉप १० सेकंदही घेतात) मदरबोर्ड विंडोजला न विचारता वीज तोडतो. त्या क्षणी जे रॅममध्ये आहे आणि डिस्कवर उतरलेले नाही, ते गेले. 'सेव्ह' केलेला मजकूरसुद्धा काही सेकंद कॅशमध्येच, म्हणजे डिस्कआधीच्या तात्पुरत्या साठ्यात, थांबलेला असू शकतो. एनटीएफएसचे (विंडोजच्या फाइली मांडण्याच्या पद्धतीचे) जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, फाइलींची मांडणी राखते, त्यांतील मजकूर राखत नाही. जर्नल म्हणजे तलाठ्याचे दप्तर : शेत कोणाचे ते सांगेल, शेतात पीक उभे आहे की नाही ते सांगणार नाही. म्हणूनच सकाळी संगणक सुरू होतो, फाइल जागेवर दिसते, तिचा आकारही बरोबर असतो आणि उघडली की आत नुसती शून्ये निघतात. या गृहस्थांना 'सुरू होणे' एवढीच कसोटी पुरेशी वाटते, याचे मला आश्चर्य वाटते.

जिनिंगचा मुनीम

प्रथम उपमा दुरुस्त करून घ्या. सातबाऱ्यातील बारा हा पिकांचाच नमुना आहे, तेव्हा तलाठ्याचे दप्तर पीकही सांगते.

आता मुद्दा. दिवाळीनंतर आमच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या रात्रीपासून लागतात. गाडी काट्यावर उभी आहे, वजन पडद्यावर आले आहे आणि संगणक गोठला आहे. मागचा शेतकरी शिव्या देत आहे, पुढचा बैल सोडायला निघाला आहे. अशा वेळी मी मानक वाचीत बसू काय? बटण दाबून धरतो, संगणक पुन्हा सुरू करतो, पावती काढतो. गेल्या कित्येक हंगामांत आमची डिस्क गेलेली नाही. 'हार्ड डिस्कचे वाचणारे हेड घासेल, तबकडीवर ओरखडा येईल' ही भीती तुमच्यासारखे दुरुस्तीवालेच पसरवतात. वीज तुटली की तबकडीच्या फिरण्याच्या शिल्लक ऊर्जेवरच हेड बाजूला जाऊन बसते. हे तुम्हालाही ठाऊक आहे, पण ते सांगितले तर दुकान चालणार नाही.

वऱ्हाडी मास्तर

मुनीमजी, हेडविषयी आपण म्हणता ते खरे आहे. पण तेवढ्या एका खऱ्या गोष्टीच्या आधाराने आपण भलताच निष्कर्ष काढला आहे. डिस्क वाचली म्हणजे हिशेब वाचला असे होत नाही. काट्याच्या सॉफ्टवेअरची डेटा फाइल दिवसभर उघडीच असते, आणि वीज तुटली त्याच क्षणी तीत नोंद लिहिली जात असेल, तर ती एक नोंद नव्हे, कधी कधी पुरी फाइल वाचेनाशी होते.

आमच्या शाळेत एका सहकाऱ्याने घटक चाचणीचे गुण पेनड्राइव्हवरील फाइलीत भरले, संगणक अडकला म्हणून बटण दाबून धरले आणि पेनड्राइव्ह खिशात घालून घरी गेले. दुसऱ्या दिवशी फोल्डरच्या जागी अगम्य अक्षरे होती. पेनड्राइव्हवर बहुधा फॅट-३२ किंवा एक्सफॅट ही फाइली मांडण्याची पद्धत असते आणि त्यांत मांडणी राखणारे जर्नलसुद्धा नसते. सबंध वर्गाच्या उत्तरपत्रिका पुन्हा काढाव्या लागल्या, आणि त्यातील निम्म्या पोरांनी घरी नेलेल्या होत्या.

एसएसडी (तबकडीऐवजी चिपांवर साठवणारी डिस्क) घेतली की सुटलो, असे समजणाऱ्यांसाठीही सांगतो. २०१३ साली अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपी लॅब्ज यांच्या संशोधकांनी १५ एसएसडींची वीज मुद्दाम पुनःपुन्हा तोडून पाहिली, तेव्हा त्यांपैकी १३ मध्ये काही ना काही बिघाड दिसला. नंतरची एसएसडी सुधारली असेल, हे मान्य. पण वीज गेल्यावर हातातले लेखन पुरे करण्याइतकी वीज साठवणारे कपॅसिटर बहुतेक महागड्या, सर्व्हरसाठीच्या एसएसडीतच असतात. आपल्या बाजारातील स्वस्त एसएसडीत नसतात.

सेवा केंद्रवाली ताई

आपण सर्व जण बटणावर भांडत आहात आणि माझ्या केंद्रात बटणाला हात लावण्याची वेळच येत नाही, कारण त्याआधी लाइट जाते. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरून कागदपत्रे चढवीत असावे आणि सगळेच अंधारात जावे, हे रोजचे आहे. मूळ लेखकाला माझा सरळ प्रश्न आहे : डिस्कच्या दृष्टीने लाइट जाणे आणि बटण दाबून धरणे यांत फरक काय? नसेल, तर त्या गृहस्थांचे म्हणणे निम्मे तरी खरे आहे.

दुरुस्तीवाला

ताई, डिस्कच्या दृष्टीने फरक नाही, हे मला मान्य करावे लागेल. उलट लाइट परत येताना दाब उसळतो आणि पॉवर सप्लाय जळतो, तो धोका बटणाला नाही. परंतु लाइट जाणे आपल्या हातात नाही म्हणून, जे हातात आहे तेही रोज सायंकाळी हौसेने करावे, हा कोणता न्याय? आणि लाइट गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर संगणक चालविणारे यूपीएस कशासाठी असते?

सेवा केंद्रवाली ताई

यूपीएसचे नावच काढू नका. दर उन्हाळ्यानंतर बॅटरी बसते. विकणारा म्हणतो, तुम्ही भार जास्त टाकला. मी त्यावर संगणक आणि मॉनिटर सोडून काही लावत नाही, प्रिंटरसुद्धा थेट भिंतीवर आहे.

दुरुस्तीवाला

भार नाही, ताई, ऊन. लहान यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अॅम्पिअर-तासाची शिशाची बंद बॅटरी असते. तिचे आयुष्य २५ अंश तापमान धरून सांगितलेले असते आणि त्यावर दर १० अंशांना ते साधारण निम्मे होते, असा ढोबळ हिशेब आहे. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना टिनाच्या छपराखालच्या खोलीत तिचे काय होत असेल, ते आपणच पाहा.

जिनिंगचा मुनीम

म्हणजे आता दोष उन्हाचा! कालपर्यंत बटणाचा होता. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे आणि दुकानात कूलर आहे, त्यांनी टिनाखाली बसणाऱ्यांना शिस्त शिकवू नये. आमच्या काट्यावरही यूपीएस आहे, पण ते लाइट गेल्याबरोबर किंचाळते आणि पावती निघायच्या आत मान टाकते. त्यापेक्षा नसलेले बरे.

दुरुस्तीवाला

मुनीमजी, माझ्या दुकानात कूलर नाही. आपण स्वतः येऊन पाहावे, म्हणजे निदान त्या निमित्ताने तरी काट्याचा संगणक उघडून पाहता येईल. तो वारंवार गोठतो, याचे कारण विंडोजमध्ये शोधण्याआधी पंख्यात शोधा. जिनिंगमधून येणाऱ्या संगणकांच्या प्रोसेसरवरच्या पंख्यात मी कापसाच्या तंतूंचा अक्षरशः नमदा पाहिलेला आहे. हवा कोंडली की प्रोसेसर ९०-१०० अंशांवर जातो, स्वतःला वाचविण्यासाठी वेग कमी करतो, आणि तुम्हाला वाटते की तो अडकला. मग तुम्ही बटण दाबून धरता, तेवढ्या अवधीत तो थोडा निवतो, आणि 'बटणाने काम झाले' असा समज पक्का होतो.

जिनिंगचा मुनीम

पंखा साफ करण्याचे तुम्ही किती घेता, तेही लिहून टाका. धागा कशासाठी काढला ते सर्वांना कळेल.

अमरावतीत शिकणारा

काका लोकांनो, रागावू नका, पण मूळ लेखकांनीही एक गोष्ट सोडली आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, बहुतेक संगणकांवर फास्ट स्टार्टअप चालू असते. त्यात शटडाऊन केले तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. त्यामुळे ड्रायव्हर (एखादा भाग चालविणारा प्रोग्राम) बिघडला असेल तर शटडाऊन करूनही बिघाड तसाच राहतो आणि लोक म्हणतात, बटणानेच सुटतो. त्यांनी फक्त 'रीस्टार्ट' करून पाहावे.

आणि संगणक गोठला आहे की केवळ पडदा, हे आधी पाहावे. कॅप्स लॉक दाबल्यावर कीबोर्डवरील दिवा लागत-विझत असेल, तर आत जीव आहे. तेव्हा कंट्रोल-शिफ्ट-विंडोज-बी दाबले तर ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि कित्येकदा पडदा परत येतो. दिवाही हलत नसेल, डिस्कचा दिवाही काही मिनिटे स्थिर असेल, तर बटण दाबून धरण्यावाचून इलाज नाही आणि त्यात गैरही नाही. मात्र बायोस (मदरबोर्डमधील मूळ प्रोग्राम) अपडेट चालू असताना ते करू नये, कारण मदरबोर्डच निकामी होऊ शकतो.

वऱ्हाडी मास्तर

पोराने चार ओळींत जे सांगितले, ते आपण सर्वांनी दोन दिवस भांडून सांगितले नाही. 'इलाज नसेल तेव्हा' आणि 'रोज सायंकाळी' यांतला फरक मुनीमजींना मान्य आहे काय, एवढेच विचारतो.

जिनिंगचा मुनीम

रोज सायंकाळी मी कधी दाबत नव्हतोच, ते गटावरचे गृहस्थ दाबतात. त्यांचे वकीलपत्र मी घेतलेले नाही. काट्यावर यापुढे कॅप्स लॉकचा दिवा पाहीन, मग बटण दाबीन. रांगेतल्या शेतकऱ्यांना मात्र तो दिवा दाखवून थांबविण्यासाठी मास्तरांनी हंगामात आमच्या फाटकावर यावे.

सेवा केंद्रवाली ताई

पंखा आणि दिवा झाला. माझ्या बॅटरीचे काय? टिनाखाली टिकेल असे यूपीएस कोणी वापरत असेल, तर किमतीसह लिहावे.